हळदणकरांच्या दिव्याची साडी: चित्रावरून पोशाख जुळवताना

ओटीवरची | सावंतवाडी

नमस्कार मंडळी. त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या वाडीतल्या देवळात दीपमाळ पेटते. त्या तासाभरात देवळातले विजेचे दिवे बंद ठेवतात. त्या रात्रीसाठी मला एका चित्रावरून पोशाख करायचा आहे. मदत हवी आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी एक फसलेला प्रयोग सांगते. गेल्या वर्षी एका ऑनलाइन दुकानातून साडी मागवली. पदरावर रविवर्म्याची दमयंती आणि तिचा हंस छापलेला. पडद्यावर सुंदर दिसत होती. नेसल्यावर कळलं, की पदर खांद्यावरून मागे गेला की दमयंती माझ्या पाठीवर जाते. पिन लावायला पदराच्या घड्या घातल्या, तर तिच्या नाकावरच घडी आली. हंस कुठे गेला ते शोधावं लागलं. पहिल्याच धुण्यात काळा रंग पांढऱ्यात उतरला. वाईट याचं वाटलं, की चित्र माझ्या इतकं आवडीचं आणि अंगावर आल्यावर त्याचं काहीच उरलं नाही.

आता हळदणकर. सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ साली आमच्या सावंतवाडीत जन्मले. त्यांचं 'ग्लो ऑफ होप' म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी बाई. अनेक घरांत हे चित्र रविवर्म्याचं म्हणून ओळखलं जातं, पण रविवर्मा १९०६ सालीच वारले आणि हे चित्र १९४५-४६चं. मॉडेल म्हणून उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी गीता. आणि हे तैलरंगात नाही, जलरंगात आहे. जलरंगात एकदा गडद झालेली जागा पुन्हा उजळ करणं फार कठीण. म्हणजे उजेड आधीच राखून ठेवावा लागतो, कागद तेवढा कोरा सोडावा लागतो.

मी त्या चित्राची प्रत घरी लावली आहे आणि आठवडाभर रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसले. आपण म्हणतो, तिने जांभळी साडी नेसली आहे. पण नीट बघा, साडी कुठेच एकसारखी जांभळी नाही. दिव्याजवळ ती ऊबदार, गुलाबी-केशरीकडे झुकलेली आहे, आणि दिव्यापासून लांब गेली की थंड, राखाडी होते. ज्योतीसमोर धरलेल्या बोटांच्या कडा आतून पेटल्यासारख्या. म्हणजे रंग साडीचा नाहीच, तो दिव्याचा आहे.

म्हणून माझं ठरलं: चित्र कापडावर छापायचं नाही, चित्रातला उजेड कापडात शोधायचा. धूपछाव कापड घ्यावं असं वाटतं, उभा धागा जांभळा आणि आडवा धागा केशरी किंवा वीटकरी. घडी पडली की एक रंग, ताणली की दुसरा. कुणी असं कापड वापरलंय का? ब्लाउज कसा असावा? दागिने घालावेत की नाही?

---

सुईदोरा | कणकवली

ताई, तुमचा विचार वाचून खूप आनंद झाला. मी २२ वर्षं शिवणकाम करते. लोक मोबाइलवर चित्र दाखवतात आणि म्हणतात 'हे असंच्या असं पाहिजे'. त्यांना मी हेच समजावत असते.

धूपछाव महेश्वरी कॉटन-सिल्कमध्ये चांगली मिळते. पैठणीतही असते, पण तिथे पदराची जरी इतकी जोरात असते की तुमचा दिवा हरेल. घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. कापड दारात आणा, चुणी पाडा, हात हळूहळू वर-खाली करा. खऱ्या धूपछावीत चुणीच्या माथ्यावर एक रंग आणि खोलात दुसरा रंग दिसतो. दोन्ही धागे एकाच रंगाचे असले तर नुसती चकाकी दिसते, रंग बदलत नाही. तरीही खात्रीसाठी कडेचे दोन धागे ओढून बघा. उभा आणि आडवा वेगळ्या रंगाचे निघाले पाहिजेत.

ब्लाउज साडीतल्या कुठल्याच रंगाचा नको. गडद, मंद असा घ्या, कॉफी किंवा काळपट तांबडा, साधं सुती कापड, कोपरापर्यंत बाही. चमक फक्त एकीकडे असावी. आणि अस्तर लावताना त्याचा रंग ब्लाउजपेक्षा गडद घ्या, नाहीतर दिव्याच्या उजेडात शिवणीजवळ फिकं दिसतं. हे माझ्या अनुभवातून सांगते.

तुम्ही छापण्याबद्दल लिहिलंत, त्यावरून एक सांगावंसं वाटतं. १९६५ साली पॅरिसचे फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँ यांनी मोंद्रियान या चित्रकाराच्या चित्रांवरून झगे केले. पांढरे, लाल, निळे, पिवळे चौकोन आणि काळ्या जाड रेघा. बघणाऱ्याला वाटतं, छापलंय. पण ते छापलेलं नव्हतं. लोकरी जर्सीचे वेगवेगळे तुकडे जोडून ते शिवले होते. अंगाच्या वळणासाठी ज्या शिवणी लागतात, त्या त्यांनी काळ्या रेघांच्या जागी लपवल्या. चित्र सपाट आणि अंग गोल, तरी चौकोन वाकडे दिसत नाहीत. शिवणकाम करणाऱ्या माणसाला यात काय कष्ट आहेत ते कळतं. मी ते फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा रात्री झोप आली नाही.

---

कातळफूल | राजापूर

सुईदोरा, रेघेत शिवण लपवण्यावरून मला आमची कातळशिल्पं आठवली. आमच्याकडे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेली. कशेळीचा भला मोठा हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले कितीतरी लहान प्राणी. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस. २०२२ साली यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, तेव्हापासून टी-शर्टांवर, पिशव्यांवर सगळीकडे ती पांढऱ्या रंगात छापलेली दिसतात. माझा आक्षेप पांढऱ्या रंगावर आहे. सड्यावर पांढरं काहीही नाही! तिथे आहे ती खोदलेली रेघ. भर दुपारी गेलात तर नीट दिसतही नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना, सावली रेघेत उतरते आणि मग हत्ती जमिनीतून उठतो.

म्हणून मी माझ्या मुलीच्या कुर्त्यावर छपाई न करता धावदोरा घातला. जांभ्याच्या रंगाचं जाड सुती कापड, त्याच रंगाचा पण एक छटा गडद दोरा. धावदोरा जरा ओढून घातला की कापड तिथे किंचित आत दबतं, दोन्ही बाजूंना उचलतं, आणि खरोखरची खाच तयार होते. समोरून बघाल तर साधा कुर्ता. बाजूने उजेड आला की मासा दिसतो. पूर्ण हत्ती घेतला नाही, एक मासा आणि थोड्या भौमितिक रेघा एवढंच घेतलं. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हा टाका शिकवावा लागत नाही. माझ्या सासूबाईंनी अर्धा कुर्ता दोन दुपारींत पुरा केला.

---

मुक्काम_ठाणे | मूळ गाव कुडाळ

किती छान धागा! आम्ही दहाजणी मैत्रिणी दरवर्षी मे महिन्यात गावी जमतो. या वेळी सगळ्यांनी गंजिफांवरून, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांवरून, साड्या नेसायच्या असं ठरतंय. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०. राजा, प्रधान आणि एक ते दहा. आम्ही दहा, अवतार दहा! प्रत्येकीने एका अवताराची जमीन घ्यायची, म्हणजे त्या पानांच्या पार्श्वभूमीचा रंग, आणि पदरावर तो अवतार रंगवून घ्यायचा. कुणाला यातलं माहीत आहे का?

---

परुळ्याचे_काका | परुळे

मुली, कल्पना चांगली आहे. पण एक मनापासून सांगतो, रागावू नकोस. पदर जमिनीला लागतो, बसताना अंगाखाली येतो, जेवताना कमरेला खोचला जातो. त्यावर अवतारांची चित्रं नकोत. आम्ही घरात देवाचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा वर्ष संपल्यावर कुठेही टाकत नाही. हे जुनाट वाटेल, पण बघणाऱ्यांपैकी कुणाच्या मनाला लागलं तर तुमच्या दिवसाचा आनंद जाईल.

---

मुक्काम_ठाणे

काका, रागवायचं काय त्यात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग काय करावं?

---

ओटीवरची

काकांचं पटलं. आणि मला वाटतं गंजिफातच त्याचं उत्तर आहे. राजा आणि प्रधानाच्या पानांवर अवताराचं चित्र असतं. पण एक ते दहाच्या पानांवर फक्त त्याची खूण असते. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. सहा मासे म्हणजे मत्स्याची छक्की. तेव्हा राजा-प्रधान पानांतच राहू द्यात, तुम्ही लहान पानं घ्या. मासे, कासवं, परशू यांच्या बुट्ट्या अंगभर, आणि प्रत्येकीची जमीन वेगळ्या रंगाची. दहाजणी शेजारी उभ्या राहिलात की डाव मांडल्यासारखं दिसेल.

आमच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर आजही बसलेले असतात, जाऊन बघा. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोंसले यांनी ही कला संपत आली असताना ती स्वतः शिकून घेऊन पुन्हा उभी केली. पान हातात घेतलंत तर दोन गोष्टी कळतील. एक म्हणजे ते गोल आहे, त्यामुळे काठ गोल फिरतो आणि कोपरा कुठेच नाही. दुसरं, लाखेचा हात दिलेला असल्यामुळे रंग खोल दिसतात, चमचमीत नाहीत. साडीचा काठ सरळ असतो, तिथे गोल बुट्टी कोंबू नका. गोलाई ब्लाउजच्या पाठीला द्या, गोल गळा आणि त्याभोवती पानाच्या काठासारखी नक्षी.

---

परुळ्याचे_काका

हे उत्तम. परशूची साडी जिला येईल तिने ती अभिमानाने नेसावी. आपली भूमी परशुरामाची.

---

रापण | मालवण

सगळी चर्चा साड्यांचीच चाललीय. पुरुषांनी काय घालायचं? मी विचारतोय कारण भावाच्या लग्नात हळदीच्या दिवशी आम्हां सहा चुलतभावांना एकसारखं काहीतरी करायचंय. व्हॅन गॉगचं एक चित्र आहे, १८८८ सालचं, समुद्रकिनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांचं. ह्या चित्र बघून माका आमचा बंदर आठावला. लाल, हिरवी, निळी होडी, पिवळी डोलकाठी. एका होडीवर नाव लिहिलंय, 'आमितिए', म्हणजे मैत्री. आमच्याकडे होडीला नाव दिल्याशिवाय ती पाण्यात घालत नाहीत. तिकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावर पण तसंच असणार. ते नाव वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो.

---

सुईदोरा

दादा, हे मी शिवून देते, कणकवलीला या! सहाही शर्ट वाळूच्या रंगाचे घ्या, जाडसर सुती. चित्रात वाळू आणि आभाळ खूप आहे, होड्यांचे रंग त्या मानाने थोडे आहेत, म्हणून ते उठतात. शर्टही तसाच. कॉलरच्या आतल्या बाजूला लाल, बाही दुमडली की दिसेल असा हिरवा पट्टा, पुढच्या बटणपट्टीच्या आत निळा. खिशाला तिरक्या कापाच्या पट्टीचा पिवळा गोट, डोलकाठीसारखा तिरका. उभे राहाल तर साधे, हात वर करून नाचाल तर रंग बाहेर येतील. खिशावर प्रत्येकाने आपल्या घरच्या होडीचं नाव भरतकामात घ्या.

हळद लागणार आहे, तेव्हा पांढरा घेऊ नका हे वेगळं सांगायला नको.

---

रापण

होडीचं नाव! हे आजोबांना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. आमच्या जुन्या होडीचं नाव आता फक्त त्यांनाच आठवतं. येतो पुढच्या आठवड्यात मापं घेऊन.

---

पिवळी_अबोली | कुडाळ, दुसरं वर्ष

मला कॉलेजच्या कार्यक्रमासाठी ओढणीवर पिंगुळीची चित्रकथी काढायची आहे. नेटवरून चित्र उतरवून कार्बनने ट्रेस करू का? रंग कोणते वापरू?

---

मुक्काम_ठाणे

पिंगुळी तुझ्यापासून किती जवळ आहे! ट्रेस करण्याआधी एक दिवस तिथे जा. ठाकर समाजाच्या कलावंतांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभारलं, तिथे चित्रं आहेत आणि कळसूत्री बाहुल्याही आहेत. लहानपणी मी तिथे बाहुल्या पाहिल्यात, अजून विसरले नाही. जमलं तर एक लहानसं चित्र विकत घे. ज्याची रेघ तू घेणार आहेस, त्याच्या हातात काहीतरी पडायला हवं.

---

ओटीवरची

अबोली, वरचं शंभर टक्के खरं. कायद्याचंही लक्षात ठेव: आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या चित्रावर वारसांचा हक्क असतो. हळदणकर १९६८ साली गेले, म्हणजे त्यांचं चित्र साड्यांवर छापून विकायला अजून कुणी मोकळं नाही. चित्रावरून रंग सुचणं वेगळं आणि चित्र उचलणं वेगळं. पिंगुळीत तर चित्रकार समोर बसलेले आहेत, त्यांनाच विचार.

चित्रकथीचं एक बघ. ती भिंतीवर टांगायची चित्रं नव्हेत. पोथीतली पानं आहेत. सांगणारा एकेक पान पुढे धरतो, गातो, मग पुढचं पान. माणसं बहुतेक बाजूने दिसतात, डोळा मोठा, आणि सगळी कुठेतरी निघालेली. म्हणून ओढणीच्या मधोमध एक मोठं चित्र नको. लांबीभर ओळीने माणसं चालू देत. ओढणीची घडी उलगडते तशी कथा पुढे जाईल.

---

सुईदोरा

रंगांचं मी सांगते. कोरं कापड घेतलंस तर आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढ. खळीवर रंग बसत नाही, वर तरंगतो आणि नंतर पापुद्रे सुटतात. फॅब्रिक कलर, माती, गेरू, काळपट हिरवा अशा रंगांत. बाह्यरेषेला बारीक ब्रश, रंगात पाणी जवळजवळ नको. एक पूर्ण दिवस सावलीत वाळव, मग उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरव, म्हणजे रंग पक्का होतो. पावसाळ्यात हे काम करू नकोस, आपल्याकडच्या दमट हवेत दोन दिवस झाले तरी रंग ओला वाटतो.

---

मांडवीकाठ | फोंडा, गोवा

मी गोव्यातून वाचते. चित्रकार अँजेलो दा फोन्सेका यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९०२ सालचा जन्म, सांतु इस्तेव बेटावरचे. शांतिनिकेतनात शिकून आले आणि चित्रांत येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवली. त्या काळी इथल्या अनेकांना ते खटकलं आणि ते पुढे पुण्यात राहिले, तिथेच १९६७ साली वारले. त्यांची चित्रं बघितली की वाटतं, ही बाई आपल्या विहिरीवर दिसेल.

तुम्ही सगळे चित्रातून कपडे काढताय. या माणसाने कपड्यातून चित्र काढलं. मी नाताळात फोन्सेकांच्या रंगात कुणबी साडी नेसणार आहे. लाल बारीक चौकडीची, खांद्यावर गाठ मारून, पोटरीपर्यंत, शेतात काम करणाऱ्या बाया नेसत तशी. आजीची एक आहे, पेटीत होती. मीठमिश्रित हवेने कडा विरल्यात, म्हणून रोज थोडी उलगडून सावलीत हवा देते आणि जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवते. त्या गाठीला आमच्याकडे देठली म्हणतात. ती मारायला मला शेजारच्या मावशी शिकवताहेत, तीनदा सुटली, काल बसली.

---

कातळफूल

मांडवीकाठ, ताई, नाताळानंतर गाठीचे फोटो नक्की टाका, चेहरा नको असेल तर फक्त खांदा. ही गाठ पुस्तकातून कळत नाही.

---

ओटीवरची

कालची त्रिपुरी झाली, म्हणून सांगायला आले.

साडी मिळाली. सुईदोराताईंनी सांगितलं तसं दारात उभं राहून बघितली, धागा ओढला, उभा जांभळा आणि आडवा वीटकरी निघाला. दुकानदार आधी नाराज झाले, मग त्यांनीही कुतूहलाने दुसऱ्या एका साडीचा धागा काढून बघितला. ब्लाउज काळपट तांबडा, सुती. दागिना फक्त कानात कुड्या. काठ अगदी अरुंद घेतला.

संध्याकाळी घरी ट्यूबलाइटखाली नेसले तेव्हा फार निराश झाले. मंद, मळकट जांभळी दिसत होती. आई म्हणाली, बदल, माझी हिरवी नेस. पण वेळ नव्हता.

देवळात दिवे बंद झाले. आईने माझ्या हातात पणती दिली आणि आम्ही रांगेत उभ्या राहिलो. पणती छातीशी धरली तशी खांद्याजवळची साडी वीटकरी झाली, गुडघ्याखाली जांभळी काळोखात मिसळली, आणि निऱ्यांमध्ये दोन्ही रंग वर-खाली होऊ लागले. आईने बघितलं आणि काही बोलली नाही, नुसता माझा पदर सारखा केला.

मग खाडीकडून वारा सुटला. पणत्या फडफडायला लागल्या. माझ्या पुढे सातवीतली एक मुलगी होती, तिच्या पुढे तिची आजी, त्यापुढे आणखी दहा-बाराजणी, कुणी नायलॉनच्या साडीत, कुणी ड्रेसमध्ये. प्रत्येकीने दुसरा हात उचलून ज्योतीआड धरला, आणि प्रत्येकीची बोटं आतून लाल दिसली.

फोटो काढता आला नाही, माझेही दोन्ही हात गुंतले होते. सुईदोराताई, ब्लाउजचं पाऊण मीटर कापड उरलंय, रापणदादांच्या शर्टांना आतून लावायला चालेल का, तर रविवारी कणकवलीला येते आहे, घेऊन येईन.